आडवी गाडी, उघडा कोयता आणि एक एनसी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एसटीत एकतीस वर्षं चालक होतो. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि मुलाकडे धायरीला राहायला आलो. आष्टी, जामखेड, नगर, पुणे, सोलापूर या रस्त्यांवर दिवसा-रात्री गाडी चालवली आणि विनाअपघात सेवेचा बिल्ला घेऊन घरी बसलो. रस्त्यावर शिव्या ऐकल्या नाहीत असं नाही. पण गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी सिंहगड रस्त्यावर जे झालं, ते एवढ्या वर्षांत कधी झालं नव्हतं. आणि त्यानंतर चौकीत जे झालं त्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

पत्नीच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. डॉक्टरांनी दाखवायला बोलावलं होतं, म्हणून मुलाची गाडी घेऊन आम्ही दोघं निघालो. माणिकबागेच्या अलीकडे मी डाव्या कडेने चाललो असताना समोरून, उलट्या बाजूने, एक स्कूटर आली. वर तिघं. मी ब्रेक मारला आणि दोनदा हॉर्न दिला. काच खाली केली नाही, तोंडातून शब्द काढला नाही. स्कूटर माझ्या बाजूने मागे निघून गेली. आरशात पाहिलं तर ती वळून परत येत होती. शे-दीडशे पावलांवर त्यांनी मला गाठलं आणि गाडी आडवी घातली.

सगळ्यात मागे बसलेला पोरगा उतरला. सतरा-अठराचा असेल, मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. त्याने पाठीमागे शर्टात हात घातला आणि कोयता काढला. मूठ काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेली. पातं नवं, त्यावर कशाचाही डाग नाही, धार मात्र ताजी लावलेली. कानशीच्या रेघा उन्हात दिसत होत्या. तो आधी बॉनेटवर कोयत्याची पाठ आपटत बाजूला आला. मग आरसा उडवला. "म्हाताऱ्या, हॉर्न कुणाला देतो? इथंच तुकडे करीन."

पत्नीच्या डोळ्यांना काळा चष्मा होता. तिला धड दिसत नव्हतं. ती विचारत होती, "काय झालं हो? कोण आहे?" मी म्हणालो, "काही नाही, रस्ता विचारतायत." त्याच वेळी त्याने माझ्या बाजूच्या काचेवर कोयता मारला. काच फुटली नाही, पण आवाज तिला कळला. तिने माझा हात घट्ट धरला तो पुढे बराच वेळ सोडला नाही.

मी खाली उतरलो नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर, गाडी गिअरमध्ये, नजर त्याच्या मनगटावर. दुचाक्या आमच्या दोन्ही बाजूंनी जात राहिल्या. एकाने मोबाइल काढून चित्रीकरण केलं. माझ्या मागे भाजीचा टेम्पो होता. त्याच्या चालकाने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. सलग वाजवत राहिला. माणसं थांबायला लागली, तशी ती पोरं स्कूटरवर बसून निघून गेली. नंबरप्लेट वर वाकवलेली होती, पण चालकाची नजर आहे, नंबर मी वाचला आणि तिथेच कागदावर लिहिला. त्या टेम्पोवाल्याचं नाव विचारायचं राहून गेलं. हे पत्र त्याच्या वाचनात आलं तर त्याने समजावं की आम्ही दोघं त्याला विसरलेलो नाही.

आता कोयत्याबद्दल थोडं लिहितो, कारण पुण्यात गेली काही वर्षं हा शब्द रोज वर्तमानपत्रात येतो आणि दर वेळी मला काहीतरी लागतं. माझे आईवडील ऊसतोड कामगार होते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातून दसऱ्यानंतर मुकादमाच्या गाडीत बसून कारखान्यावर जायचं ते उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचं. आमच्याकडे 'कोयता' म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम विचारतो, "यंदा किती कोयते?" म्हणजे किती जोड्या. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर. माझ्या आईच्या उजव्या तळव्याला अंगठ्याच्या मुळाशी घट्टा होता, तो ती जाईपर्यंत गेला नाही. खंडेनवमीला ती कोयत्याला हळदकुंकू लावायची आणि मी पुढे डेपोत गाडीच्या स्टेअरिंगला झेंडूची माळ घालायचो, ते तिचंच पाहून. तळावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, आम्ही पोरं कोयत्याला हात लावला तर मार खायचो. वडील सांगायचे, हातात कोयता असलेल्या माणसाने दुसऱ्याशी बोलताना तो खाली ठेवूनच बोलायचं. त्या पोराच्या हातातला कोयता उसाला कधी लागलेला नव्हता. तो फक्त माणसाला दाखवण्यासाठी विकत घेतलेला होता.

मी ११२ ला फोन केला. पोलिसांची गाडी लवकर आली, हेही नोंदवतो. आम्हाला चौकीला यायला सांगितलं. पत्नीला रिक्षाने दवाखान्यात पाठवलं आणि मी गेलो. तिथले हवालदार चांगलं बोलले. पाणी दिलं. पहिला प्रश्न होता, "काका, कुठं लागलंय का?" मी म्हटलं, नाही. "रक्त वगैरे?" नाही. "आरसा केवढ्याचा?" मी म्हटलं, दोन-अडीच हजारांचा असेल. मग ते म्हणाले, "एनसी घेतो." एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद. मी म्हटलं, साहेब, कोयता होता. ते म्हणाले, "कोयता मिळाला पाहिजे ना काका. हत्यार जप्त झाल्याशिवाय शस्त्राचं कलम कसं लावणार?" मी नंबरचा कागद पुढे केला. त्यांनी तो नंबर अर्जात लिहून घेतला. अर्ध्या तासाने माझ्या हातात एक कागद आला. त्याच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'फिर्यादीस न्यायालयात दाद मागण्याची समज दिली.'

समज मला दिली. ही ओळ मी घरी येऊन चार वेळा वाचली.

माझा पुतण्या तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. त्याला तो कागद मोबाइलवर पाठवला. त्याने मला जे समजावून सांगितलं, ते या शहरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं म्हणून सविस्तर लिहितो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३५१ मध्ये धमकीचा गुन्हा आहे. जिवे मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची धमकी असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत. वाचून बरं वाटतं. पण तपास कसा करायचा ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात हाच गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र ठेवला आहे. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलिसांनी तपासही करायचा नाही. सात वर्षांची शिक्षा कागदावर आणि तपासाला सुरुवातच नाही. न्याय संहितेतच कलम १२६ आहे, माणसाचा रस्ता बेकायदा अडवणं. त्याला शिक्षा फार तर एक महिना साधी कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड. पण तो गुन्हा दखलपात्र आहे! गाडी आडवी घालणं हा दखलपात्र गुन्हा आणि "तुकडे करीन" म्हणणं अदखलपात्र. हे कुणी आणि कोणत्या विचाराने ठरवलं ते मला समजलेलं नाही. जुन्या दंड संहितेपासून असंच चालत आलं आहे आणि कायदे नवे करतानाही ते तसंच राहू दिलं.

पण पुतण्याने पुढचं जे सांगितलं त्याने मी जास्त अस्वस्थ झालो. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४, पोटकलम ४: एका प्रकरणात दोन किंवा अधिक गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असेल, तर सगळं प्रकरण दखलपात्र समजायचं. माझ्या फिर्यादीत पहिलंच वाक्य होतं, 'स्कूटर आडवी लावून माझी गाडी थांबवली.' म्हणजे त्या एका वाक्यावर प्रथम खबर (एफआयआर) नोंदवता आली असती, धमकी त्यात आली असती, आरसा आला असता, तपास सुरू झाला असता. कायद्याने दार उघडं ठेवलं होतं. त्या दारातून कुणी गेलं नाही, कारण फिर्याद घेताना पहिला प्रश्न 'रक्त आलं का' हा होता. 'रस्ता अडवला का' हे कुणी विचारलंच नाही.

पोलिसांवर कामाचा बोजा किती आहे हे मला दिसतं. एक गुन्हा दाखल केला की पंचनामा, जबाब, दोषारोपपत्र, कोर्टाच्या तारखा. एनसी घेतली की कागद संपला. म्हणून कुणा एका हवालदारावर माझा राग नाही. पण वरिष्ठांनी एक लेखी सूचना काढावी: वाहन आडवं घालून धमकावल्याची तक्रार आली तर कलम १२६ लावून गुन्हा नोंदवायचा. याला नवा कायदा लागत नाही, अधिवेशन लागत नाही, पैसा लागत नाही.

मी नोकरीत असतानाची एक गोष्ट सांगतो. करमाळ्याच्या पुढे एका जीपवाल्याने ओव्हरटेकवरून माझी एसटी अडवली, केबिनच्या दारात चढून माझ्या कानाखाली मारली. तेव्हा माझ्या अंगावर खाकी होती. सरकारी कामात अडथळा, जुन्या दंड संहितेचं कलम ३५३. त्याच संध्याकाळी गुन्हा नोंद झाला आणि ती रात्र त्याने पोलीस ठाण्यात काढली. त्याच्या हातात काहीही नव्हतं. आता अंगावर खाकी नाही, समोरच्याच्या हातात कोयता होता, आणि माझ्या हातात आली ती एनसी. अंगावर खाकी नसलेली माणसंच या रस्त्यांवर जास्त आहेत. शाळेच्या व्हॅनवाल्या बायका आहेत, रात्री जेवणाचे डबे पोचवणारी पोरं आहेत, मुलांना पुढे-मागे बसवून स्कूटर चालवणाऱ्या आया आहेत. २०२४ च्या जुलैत पाषाण-बाणेर लिंक रस्त्यावर दोन मुलांना घेऊन चाललेल्या अशाच एका आईला मोटारीतल्या माणसाने उतरून नाकावर बुक्के मारले होते, ते वाचकांना आठवत असेल. तिचा रक्ताने भरलेला चेहरा सगळ्यांनी पाहिला म्हणून लगेच अटक झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मालाडला ओव्हरटेकच्या वादातून एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाला जमावाने आईवडिलांच्या डोळ्यांदेखत मारलं. आई त्याच्या अंगावर पडून त्याला झाकत होती. तरी तो वाचला नाही. रक्त येण्याच्या आधी थांबवायचं असेल तर धमकीच्या टप्प्यावरच कुणीतरी हात धरला पाहिजे.

शिक्षेचं म्हणाल तर पतियाळाचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर १९८८ मध्ये रस्त्यावरच्या भांडणात पासष्ट वर्षांच्या गृहस्थांना मारहाण झाली आणि त्यांचा मृत्यू झाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवज्योतसिंग सिद्धू यांना फक्त एक हजार रुपये दंड केला. फेरविचार अर्जावर एक वर्षाची सक्तमजुरी झाली ती मे २०२२ मध्ये. मधे तेहतीस वर्षं गेली. मी एसटीत जेवढी वर्षं काढली त्याहून जास्त. त्या गेलेल्या गृहस्थांच्या घराने एवढी वर्षं नेट धरला म्हणून काही पदरात पडलं. माझ्यासारख्याने एनसीचा कागद घेऊन मॅजिस्ट्रेटपुढे किती तारखा करायच्या?

आता हत्याराबद्दल. शस्त्र नियम २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रात धरले आहेत, पण घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेले वगळून. ही सूट असलीच पाहिजे. ती नसती तर माझे आईवडील दर दसऱ्याला गुन्हेगार ठरले असते. पण हीच सूट कोर्टात आरोपीच्या बाजूने काढली जाते, की साहेब, हा तर शेतीचा कोयता. माणिकबागेत कोणतं शेत आहे? महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ आहे. त्याखाली काढलेला मनाई आदेश लागू असताना इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरणं गुन्हा आहे आणि कलम १३५ खाली चार महिने ते एक वर्ष कैद आहे. तिथे शेतीचा की घरचा हा वाद येत नाही. पण हे सगळं हत्यार हाती लागल्यावर. स्कूटरचा नंबर मिळाल्यावर त्याच दिवशी मालकाच्या घरी जाऊन पाहिलं असतं तर ते कदाचित लागलं असतं. आज महिना झाला.

२०२३ च्या सुरुवातीला पुण्यात कोयता विकताना दुकानदाराने आधार कार्ड पाहावं अशी सूचना पोलिसांनी दिली होती. हेतू चांगला होता. माझी एवढीच विनंती आहे की अशा सूचनेचा जाच ऊसतोडीच्या टोळीच्या तळावर उतरलेल्या माणसांना होऊ नये. त्यांचे कोयते गावच्या लोहाराकडून येतात, त्यांच्या घामाचे असतात. तपासायचे तर रात्री-बेरात्री शर्टात कोयते खोचून फिरणारे तपासा. आणि पकडलेल्यांना भर वस्तीतून हात बांधून फिरवण्याच्या ज्या चित्रफिती येतात, त्यांनी मला समाधान वाटत नाही. चार दिवस बघे जमतात, आणि त्या पोराचं नाव मोठं होऊन जातं.

मला जी शिक्षा योग्य वाटते ती मी चालक म्हणून सांगतो: लायसन. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ खाली आरटीओला लायसन ठरावीक मुदतीसाठी बंद करता येतं किंवा रद्द करता येतं. वाहन वापरून दखलपात्र गुन्हा केला, तर हे एक कारण. आधीच्या वागण्यावरून हा माणूस गाडी चालवणं लोकांना धोक्याचं आहे असं दिसलं, तर हे दुसरं. पण चौकीत एनसी झाली की पहिलं कारण तिथेच बाद होतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम २१ मध्ये लायसन घालवणाऱ्या कृत्यांची यादी आहे. प्रवाशाला मारहाण त्यात आहे, प्रवाशाशी उद्धटपणा आहे, सार्वजनिक सेवेची गाडी चालवताना सिगारेट ओढणंसुद्धा आहे. आम्हा एसटीवाल्यांना ही यादी पाठ असायची, कारण पोट त्याच्यावर होतं. त्या यादीत दुसऱ्या वाहनचालकाला मारणं किंवा हत्यार दाखवणं नाही. ते घालावं. केंद्र सरकारला हा नियम अधिसूचना काढून दुरुस्त करता येतो. पुण्याच्या आणि बीडच्या खासदारांनी हा मुद्दा लोकसभेत मांडावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आणि लायसन नसलेलं पोर चालवत असेल तर मालकाला विचारा. कलम १३३ प्रमाणे गाडी कोण चालवत होतं हे सांगणं मालकावर बंधनकारक आहे. उलट्या दिशेने गाडी घालणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ च्या धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं, म्हणजे त्या सकाळी मालकाला बोलावण्यासाठी कोयत्याचीही गरज नव्हती. चालवणारा अल्पवयीन निघाला तर १९९अ आहेच. पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. एका आईबापाला जरी हे खरोखर लागू झालं, तर गल्लीतल्या बाकीच्या घरांतली किल्ली रात्री कुठे टांगली जाते ते बदलेल, असं मला वाटतं.

गाडी चालवणाऱ्या बंधुभगिनींना माझ्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगतो. सिग्नलला उभं राहताना पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवा, म्हणजे स्टेअरिंग वळवून निघायला जागा राहते. आणि कुणी गाडी आडवी घातली तर उतरू नका. आपला मान मोठा वाटतो त्या क्षणी, पण घरचं माणूस शेजारी बसलेलं असतं. चौकीत जाल तेव्हा फिर्यादीचं पहिलं वाक्य 'माझा रस्ता अडवला' हेच लिहून घ्या आणि कलम १२६ चं नाव घ्या.

पत्नीचा डोळा आता बरा आहे. पण गाडीत बसली की ती माझा हात हॉर्नकडे जातो का ते पाहत असते. मागून स्कूटरचा आवाज आला की बोलता बोलता गप्प होते.

मी कलम १९ खाली आरटीओकडे अर्ज दिला आहे. सोबत स्कूटरचा नंबर, एनसीची प्रत आणि बॉनेटचे फोटो जोडले आहेत. पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयातही कलम १७४(४) चा उल्लेख करून दुसरा अर्ज दिला. दोन्हींची पोच माझ्याकडे आहे. उत्तर आलं की आपल्याला कळवीन.

ती पोरं याच भागातली असावीत. म्हणून माझं नाव छापू नये, असं पत्नीचं म्हणणं आहे. तिचं म्हणणं मी मोडत नाही. नाव आणि पत्ता स्वतंत्र कागदावर आपल्या माहितीसाठी जोडला आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक
धायरी, पुणे